सीटी नॉर्मल, तरी शुद्ध नाही: ऑक्सिजनअभावी मेंदूला झालेली इजा स्कॅनवर कधी दिसते?

प्रश्न गडहिंग्लज तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांचे वडील, आबा, वय ६१. पहाटे गोठ्यात धार काढताना कोसळले. धाकट्या भावानं छाती दाबायला सुरुवात केली, १०८ आल्यावर शॉक दिला आणि ठोके परत आले. मधे साधारण पंधरा मिनिटं गेली. कोल्हापुरात आणल्या आणल्या डोक्याचा सीटी झाला, रिपोर्ट 'नॉर्मल'. आज दुसरा दिवस. आबा व्हेंटिलेटरवर आहेत, हाक मारली तर ओ देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, उद्या-परवा एमआरआय करू. ताईंचं विचारणं असं: सीटी नॉर्मल असताना पुन्हा एमआरआयचा खर्च कशाला? मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्यानं झालेलं नुकसान त्यात खरंच दिसतं का? आणि आबा शुद्धीवर येणार की नाही, हे त्यावरून कळेल का?

ताई, आधी थेट उत्तर देतो, खोलात नंतर जाऊ. ठोके परत आल्यावर पहिल्या काही तासांत काढलेला सीटी नॉर्मल आला म्हणजे मेंदू सुखरूप आहे असं धरून चालू नका. आणि तरीही माणूस उठत नाही म्हणजे डॉक्टर काहीतरी लपवताहेत असंही समजू नका. त्या वेळचा सीटी बहुतेकदा तसाच येतो. एमआरआयमध्ये इजा दिसते, चांगली स्पष्ट दिसते, पण योग्य दिवशी काढला तर. तुमच्या डॉक्टरांनी 'उद्या-परवा' म्हटलंय त्यामागे तेच कारण असणार. आणि शुद्धीचं भाकीत कुणी एकट्या एमआरआयवर करायला लागला, तर त्याला तिथंच थांबवा.

मी कोल्हापुरात रेडिओलॉजी करतो. चंदगड-आजऱ्यापासून शिरोळपर्यंतच्या पेशंटचे स्कॅन माझ्यासमोर येतात, आणि हा प्रश्न मला जिन्यात, पार्किंगमध्ये, फोनवर सारखा विचारला जातो. सगळ्यांत नेमका विचारला होता तो एका म्हाताऱ्या मावशींनी: "फोटूत काय न्हाई म्हंतायसा, मग मानूस उटत का न्हाई?"

तर पहिली गोष्ट, आबांचा तो सीटी इजा बघायला काढलेलाच नव्हता. हृदय अचानक थांबलं की कारण हृदयातच असतं असं नाही. मेंदूभोवतीची रक्तवाहिनी फुटून झालेल्या रक्तस्रावानंही हृदय बंद पडू शकतं, आणि तसं असेल तर रक्त पातळ करणारी औषधं देणं घातक. शिवाय कोसळताना गोठ्यातल्या फरशीवर डोकं आपटलं असेल तर तेही बघावं लागतं. हे दोन्ही नाही, एवढी खात्री त्या सीटीनं दिली आणि हृदयाचे डॉक्टर पुढच्या कामाला मोकळे झाले.

आता इजा होते कशी ते. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्के तो एकटा खातो, आणि साठा म्हणावा असा काहीच ठेवत नाही. रक्तप्रवाह पूर्ण थांबला की दहाएक सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांनंतर सर्वांत नाजूक पेशी मरायला लागतात. हे कुठंतरी वाचून 'पंधरा मिनिटं' या आकड्यानं तुम्ही हादरला असाल. पण तुमच्या भावानं छाती दाबली, म्हणजे ती सगळी पंधरा मिनिटं प्रवाह शून्य नव्हता. नीट दाबलं तर नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्त फिरत राहतं. आबा कोसळल्यापासून दाबायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ आणि दाबत असतानाचा वेळ, हे दोन वेगळे आकडे आहेत. भावाला शांतपणे बसवून विचारा आणि दोन्ही आयसीयूत सांगा. आम्हाला केसपेपरवर बहुतेक वेळा दोन्हींची बेरीजच मिळते आणि ती फारशी कामाची नसते.

इथं एक बाब सहसा ध्यानात येत नाही. नुसता ऑक्सिजन कमी होणं आणि रक्तप्रवाहच थांबणं यांत फार अंतर आहे. कोविडच्या लाटेत सॅच्युरेशन ७० वर आलेली माणसं खाटेवर बसून फोनवर बोलत होती, हे आपण बघितलंय. रक्तात ऑक्सिजन कमी होता, पण रक्त पोचत होतं, साखर पोचत होती, आणि मेंदू प्रवाह वाढवून वेळ मारून नेत होता. हृदय थांबलं की हा मार्गच बंद. पंचगंगेत बुडालेला मुलगा असो की गळफासातून उतरवलेला माणूस, स्कॅनवर दिसणारं बरंचसं नुकसान हृदय मंदावल्यानंतरच्या मिनिटांतलं असतं.

पेशीच्या आवरणात सोडियम सतत बाहेर फेकणारे पंप असतात. ते चालतात ऑक्सिजन वापरून बनलेल्या ऊर्जेवर. विहिरीचे झरे चालू असताना मोटर बंद पडली की पाणी जसं वर चढतं, तसं हे पंप थांबले की सोडियम आत शिरतं आणि त्याच्या मागोमाग पाणी. पेशी फुगते. मात्र सुरुवातीला हे पाणी दुसरीकडून आलेलं नसतं. पेशींच्या मधल्या फटींतलं पाणी पेशींच्या आत गेलं, इतकंच. त्या भागातलं एकूण पाणी तेवढंच राहिलं. सीटी मोजतो ती घनता. एकूण पाणी बदललं नाही तर घनता बदलत नाही, म्हणून सीटी गप्प बसतो. प्रवाह परत सुरू झाल्यावर रक्तातून आणखी पाणी झिरपतं, खरी सूज चढते, तेव्हा कुठं त्याला पत्ता लागतो. याला कित्येक तास लागतात, कधी दिवस उलटतो.

एमआरआयमधली डिफ्युजन नावाची तपासणी पाणी किती आहे हे विचारतच नाही. पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात हे ती बघते. फटींतून मोकळं फिरणारं पाणी फुगलेल्या पेशींत अडकलं की त्याची हालचाल मंदावते आणि तो भाग चित्रात पांढराशुभ्र उठतो. १९९० मध्ये मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूवर हे दाखवलं: रक्तपुरवठा तोडल्यावर पहिल्या तासातच डिफ्युजनमध्ये बदल दिसला, साध्या एमआरआयमध्ये मात्र काही नव्हतं. आज पक्षाघाताच्या प्रत्येक पेशंटची आपण जी डिफ्युजन काढतो तिचा पाया हाच.

सीटी नॉर्मल ठरवण्याआधी नेमकं काय बघितलं जातं, तेही सांगतो. नेहमीच्या छटांत बघितला तर पहिल्या दिवशीचा सीटी निर्दोषच वाटतो. म्हणून छटांची रुंदी निम्म्यावर आवळायची, म्हणजे बारीकसा फरकही ठळक होतो. मग नजर जाते मेंदूच्या मध्यभागातल्या करड्या गाठींवर, कॉडेट आणि पुटामेनवर. (करडा भाग म्हणजे पेशींचा, पांढरा भाग म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तारांचा; ही नावं आहेत, स्कॅनवरचे रंग नव्हेत.) यांची कड शेजारच्या पांढऱ्या भागापासून सुटी दिसते का? मग कानशिलाच्या आत दडलेली इन्सुलाची बारीक करडी पट्टी. ती पुसट झालीय का? शेवटी मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचा. त्या मिटल्यात का, आणि मिटल्या असतील तर दोन्हीकडून सारख्याच का? यात डोळ्यावर न विसंबता आकडेही घ्यायचे. सीटीवर गंमत अशी की करडा भाग पांढऱ्या भागापेक्षा उजळ दिसतो: हाउन्सफील्ड या सीटीच्या घनतेच्या एककात करडा साधारण ३५ ते ४०, पांढरा २५ ते ३०. दोन्हींचं गुणोत्तर १.३ च्या आसपास असतं. करड्यात पाणी चढलं की ते घसरत १.१ कडे येतं, आणि तिथं पोचलं तर परिस्थिती गंभीर आहे. मशीनगणिक आकडा थोडा हलतो, त्यामुळं एकाच मशीनवर काढलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या सीटीतली घसरण मला सुट्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

दुसऱ्या सीटीत आणखी एक चकवा असतो. मेंदू सगळीकडून सुजला की तो काळसर होतो, भोवतालचं पाणी दाबून बाहेर जातं, आणि त्या पार्श्वभूमीवर खाचांतल्या रक्तवाहिन्या उजळ दिसायला लागतात. हुबेहूब रक्तस्रावासारखं चित्र. रात्रपाळीत घाईघाईत 'डोक्यात रक्त आहे' असा निरोप जातो आणि घरच्यांना वाटतं, आधीच्या सीटीत हे राहून गेलं. एकक मोजलं की उलगडा होतो: ताजं सांडलेलं रक्त ५० ते ७० भरतं, या चकव्यात आकडा ३०-४० च्याच घरात राहतो. पण हा चकवा दिसणं हेही चांगलं लक्षण नव्हे.

आता दिवसांचा हिशेब, कारण सगळी गोम तिथं आहे. पहिल्या चोवीस तासांत डिफ्युजनमध्ये काही भाग उजळू शकतात, पण चित्र अर्धवट असतं. काही पेशी लगेच मरत नाहीत. प्रवाह परत आल्यावर रासायनिक घडामोडी होऊन त्या पुढच्या दोन-तीन दिवसांत मरतात. म्हणून पहिल्या दिवशीचा स्वच्छ एमआरआय घरी फार मोठी आशा लावतो आणि तिसऱ्या दिवशी ती मोडते. दुसरा ते पाचवा दिवस हा डिफ्युजनसाठी सर्वांत बोलका काळ. हृदय थांबलेल्या रुग्णांविषयीच्या २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही एमआरआयसाठी २ ते ७ दिवस सांगितलेत. आठवडा सरला की दुसरी गंमत होते: मेलेल्या पेशी फुटायला लागतात, पाणी पुन्हा मोकळं होतं, आणि डिफ्युजन वरवर नॉर्मल दिसायला लागते. इजा गेलेली नसते, तिची खूण पुसली गेलेली असते. त्या वेळी इतर प्रकारची चित्रं बघावी लागतात. दोनएक आठवड्यांनी टी-वन नावाच्या चित्रात मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या करड्या थरात, नागमोडी पांढरी रेघ उमटते. तीही बघून पुष्कळदा रक्तस्रावाची शंका घेतली जाते, पण ते रक्त नसतं. सालीतले मेलेले थर आणि ते साफ करायला आलेल्या, चरबीनं भरलेल्या पेशी यांची ती रेघ असते. महिने उलटले की मेंदू आकसतो आणि मधल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावतात.

त्यामुळं कुणी जुना रिपोर्ट घेऊन आलं की मी आधी तारीख बघतो, मग निष्कर्ष वाचतो. 'एमआरआय नॉर्मल' या दोन शब्दांना घटनेपासून कितवा दिवस हे कळल्याशिवाय काडीचा अर्थ नाही.

डिफ्युजनच्या पांढऱ्या डागावरही आंधळा विश्वास नको. तिच्याच जोडीला एडीसी नावाचा नकाशा मिळतो. खरी ताजी इजा डिफ्युजनमध्ये पांढरी आणि एडीसीत काळी असते. दोन्हीकडं पांढरं दिसलं तर ते जुनं काहीतरी चमकतंय. एडीसीचा फायदा म्हणजे त्यात आकडा येतो. सेकंदाला चौरस मिलिमीटरच्या दहा लाखांश भागात मोजलं तर मोठ्या माणसाच्या मेंदूत तो ८०० च्या आगेमागे असतो. ६५० च्या खाली गेलेला भाग इजा झालेला धरतात, आणि मेंदूच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त भाग त्या खाली असेल तर चित्र वाईट मानलं जातं.

हा आकडा मी इतका धरून का बसतो? माणसाचा डोळा शेजारशेजारचा फरक ओळखतो. पक्षाघातात एक बाजू पांढरी, दुसरी नॉर्मल, त्यामुळं शिकाऊ डॉक्टरलाही कळतं. हृदय थांबल्यावर इजा दोन्ही बाजूंना सारखी असते. मेंदूची सगळीच साल एकसारखी उजळली की तुलना करायला काही उरतच नाही आणि सर्वांत वाईट स्कॅन सर्वांत सुबक दिसतो. अशा वेळी मी लहान मेंदू आणि मेंदूचा दांडा यांच्याशी साल ताडून बघतो, कारण हे भाग पुष्कळदा वाचलेले असतात, आणि एडीसीत ठिकठिकाणी आकडे घेतो. तुमच्या रिपोर्टमध्ये एडीसीचा उल्लेखच नसेल तर विचारा. विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

कुठल्या जागा जातात, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. सर्वांत हावरे भाग आधी जातात: स्मरणशक्तीचा हिप्पोकॅम्पस, मधल्या करड्या गाठी, लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी, आणि सालीतले ठरावीक थर, विशेषतः मागचा दृष्टीचा भाग आणि हातापायांच्या हालचालींचा मधला पट्टा. हृदय बंद न पडता रक्तदाब बराच वेळ तळाला राहिला तर नकाशा बदलतो. तेव्हा दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दी जिथं भिडतात तो पट्टा सुकतो, कारण दोन्हीकडून तो शेवटच्या टोकाला असतो.

एका कारखान्यात विजेचा धक्का बसलेला तरुण आठवतो. सहकाऱ्यानं वेळेत छाती दाबली होती. चौथ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये साल स्वच्छ, गाठी स्वच्छ, फक्त दोन्ही हिप्पोकॅम्पस खडूच्या रेघेसारखे पांढरे. तोवर तो शुद्धीवर आला होता, आईला, बायकोला ओळखत होता, आणि वॉर्डातले सगळे सुटकेच्या आनंदात होते. पण दर थोड्या वेळानं तो विचारायचा, "माझं जेवण झालं का?" ताट नुकतंच उचललेलं असायचं. घरच्यांना वाटलं चेष्टा करतोय. स्कॅन बघितलेला असल्यामुळं आम्ही त्यांना आधीच सांगू शकलो की जुनं सगळं आठवेल, नवं टिकायला वेळ लागेल, वहीत लिहून ठेवायची सवय लावा आणि मशीनवर एकट्याला परत पाठवायची घाई करू नका. एमआरआयचा खरा उपयोग मला इथं दिसतो. 'जगेल की नाही' यापेक्षा 'जगल्यावर काय सांभाळावं लागेल' हे तो जास्त चांगलं सांगतो.

असंच हुबेहूब दिसणारं दुसरं चित्र साखर घसरल्याचं. एकादशीचा कडकडीत उपवास, पण शुगरची गोळी मात्र नेमानं घेतली, आणि सकाळी माणूस उठवून उठत नाही. यातही साल आणि हिप्पोकॅम्पस पांढरे होतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस मात्र सहसा सुटतो, त्यावरून संशय येतो. वेळेत ग्लुकोज मिळालं तर यातले काही बदल पूर्ण निवळतातही. म्हणून सापडला तेव्हा साखर किती होती, हा आकडा आम्हाला हवा असतो. सलग झटके येत राहिले तरी साल अशीच उजळते. फिल्म एकच असते, भवितव्य वेगवेगळं.

गॅस गीझरबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण थंडी पडली की हे पेशंट येतातच. खिडकी बंद, बाथरूम छोटं, गीझर आतच लावलेला. जळण अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. वाईट म्हणजे बोटाला लावायचं सॅच्युरेशनचं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं आणि ९८ दाखवतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी ग्लोबस पॅलिडस नावाच्या दोन्ही गाठींत जुळे डाग दिसतात. हे चित्र इतकं ठळक की तेवढ्यावरून आम्ही नातेवाइकांना विचारतो, गीझर कुठं बसवलाय? यातलाच एक प्रकार जास्त फसवा. पेशंट शुद्धीवर येतो, घरी जातो, कामालाही लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी विसरायला लागतो, चालताना अडखळतो, कपड्यात लघवी होते. मेंदूचा पांढरा भाग उशिरानं बिघडलेला असतो आणि दुसऱ्या एमआरआयमध्ये तो सगळा उजळलेला दिसतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी झालंय. हा त्रास पुष्कळांत महिन्यांनी निवळतो, त्यामुळं अशा माणसाला कुठं तरी दाखवत फिरवण्यापेक्षा आधीच्या डॉक्टरांकडं परत न्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही बाकीचं सगळं विचारलंत. आबा शुद्धीवर येतील का?

ठोके परत आल्यापासून ७२ तास होईपर्यंत याचं प्रामाणिक उत्तर कुणालाच देता येत नाही. सध्या त्यांना झोपेची औषधं चालू असणार. ती बंद केल्यावरही, विशेषतः किडनी किंवा लिव्हर मंद असेल तर, परिणाम बराच वेळ टिकतो. ७२ तासांनंतर औषधांचा असर उतरलेला असून प्रतिसाद नसेल, तर डॉक्टर पाच-सहा गोष्टी एकत्र ठेवतात: बाहुल्या उजेडाला आकसतात का आणि डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाची, लय कशी आहे, मनगटाच्या नसेला दिलेला संदेश मेंदूच्या सालीपर्यंत पोचतो का, एनएसई नावाच्या रक्ततपासणीचा ४८ आणि ७२ तासांचा आकडा ६० च्या वर आहे का, पहिल्या तीन दिवसांत अंगाला सतत गचके बसत होते का, आणि सीटी किंवा एमआरआयमध्ये सर्वदूर इजा आहे का. मघाशी सांगितलेल्या सूचनांनुसार यांतल्या किमान दोन गोष्टी वाईट असल्याशिवाय 'आशा नाही' असा शब्द काढायचा नसतो. एमआरआय ही त्यातली एक. तिला घरचे सगळ्यांत जास्त वजन देतात, कारण चित्र डोळ्यांना दिसतं. ईईजीच्या रेघोट्या कुणी मागून बघत नाही. उलट बाजूनं सांगायचं तर तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डिफ्युजन स्वच्छ आली, तर तो मला खरोखर धीर देणारा स्कॅन वाटतो. पण अधलंमधलं चित्र आलं, चार-दोन जागी डाग आणि बाकी ठीक, तर थांबायचं. अशांतले काही उशिरा उठतात.

गचक्यांबद्दल एक फोड करून सांगतो, कारण यावरून घबराट होते. बेशुद्धीत सतत बसणारे गचके वेगळे. शुद्धीवर आल्यानंतर कप उचलायला गेलं की हात उडतो, पाऊल टाकलं की पाय झटकतो, हा प्रकार वेगळा. लान्स आणि ॲडम्स यांनी १९६३ मध्ये तो वर्णन केला. त्यात एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो, बुद्धी शाबूत असते आणि औषधांनी फरक पडतो.

परदेशात बेशुद्ध रुग्णाला 'टेनिस खेळताय अशी कल्पना करा' असं सांगून एमआरआयमध्ये मेंदूचा प्रतिसाद टिपल्याच्या बातम्या तुम्हाला कुणी ना कुणी पाठवेल. ते खरं आहे, २००६ मध्ये ॲड्रियन ओवेन यांच्या गटानं ते दाखवलं. पण ती रुग्ण अपघातात डोक्याला मार लागलेली होती, हृदय थांबलेली नव्हती, आणि तपासणी झाली ती अपघातानंतर महिन्यांनी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आयसीयूत तिचा विषय येत नाही.

नवजात बाळांचं गणित वेगळं आहे. जन्मताना न रडलेल्या बाळाच्या आईबापांना एवढंच सांगतो की पूर्ण दिवसांच्या बाळाचा एमआरआय साधारण चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास काढणं सोयीचं, आणि तोवर टाळूवरून केलेली सोनोग्राफी थोडंफार सांगते.

आणखी एक विचारणा होते, जरा दबक्या आवाजात: 'इजा दवाखान्यात पोचायच्या आधी झाली की नंतर, हे एमआरआय सांगेल का?' नाही सांगणार. इजा काही दिवसांची आहे की आठवड्यांची, इतपत अंदाज येतो. सकाळी सहाची की नऊची हे कुठलंही मशीन सांगू शकत नाही, आणि चूक कुणाची हे तर नाहीच.

एमआरआयच्या दिवशीचं बघू. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तिथं नेणं हे जोखमीचं काम आहे. चुंबकाजवळ चालणारा वेगळा व्हेंटिलेटर लागतो, औषधांच्या पंपांच्या नळ्या लांबवाव्या लागतात, आणि अर्धा तास पेशंट नळीत असतो. त्यामुळं रक्तदाब डळमळीत असेल तर डॉक्टर एमआरआय पुढं ढकलून सीटीच परत काढतील. ते समजून घ्या. आबांना स्टेंट बसवला असेल तर एमआरआयला सहसा अडचण येत नाही. तात्पुरत्या पेसमेकरची वायर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, जुन्या ऑपरेशनची क्लिप असेल, तर आधी सांगा. सोबत जाणाऱ्यांनी खिशात काही ठेवू नये, आणि कुणीही कितीही घाईनं सांगितलं तरी साधा ऑक्सिजन सिलिंडर आत ढकलू नये. २०१८ मध्ये मुंबईत एका तरुणाचा जीव तेवढ्यानंच गेला. चुंबक चोवीस तास चालू असतो.

रिपोर्टचा कागद मिळाला की सीडीही मागून घ्या, पहिल्या सीटीची आणि एमआरआयची, दोन्ही. आणि फॉर्मवर 'बेशुद्ध' एवढंच लिहून पाठवलं असेल तर खाली हातानं भर घाला: कोसळले कधी, छाती दाबायला किती मिनिटांनी सुरुवात झाली, ठोके कधी आले, त्या वेळी साखर किती होती, झोपेची औषधं कधी बंद केली. वाचणारा माझ्यासारखाच कुणीतरी असेल, आणि त्याला एवढं मिळालं तर त्याचा रिपोर्ट नुसता 'कृपया क्लिनिकल माहितीशी ताडून पहावे' या वाक्यावर थांबणार नाही.